पहिल्या पीसवरचा अंगठा

ऐक दिग्या, आधी नुसतं ऐक. मध्ये एक शब्द बोलायचा नाही. तुला वाटेल मी फेकतोय, पण देवाशप्पथ, यातलं पदरचं एक अक्षर नाही. आणि शेवटी मी तुला एक प्रश्न विचारणार आहे, त्याचं उत्तर मला खरं पाहिजे. गुळमुळीत नको.

तर दार. हिरवं, जाडजूड लाकडी दार, आणि त्यावर चिकटपट्टीनं लावलेलं पांढरं पाकीट. पाकिटावर माझं नाव! चौगुले. स्पेलिंगसकट बरोबर. जर्मनीतल्या कुठल्या तरी डोंगराच्या कुशीतलं एवढंसं गाव, रविवारची दुपार, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि एक दार माझं नाव लावून माझी वाट बघतंय. सात वर्षं झाली बघ. चोवीस वर्षांचा होतो. तोवर माझी परदेशवारी म्हणजे बेळगाव.

पाकिटात किल्ली आणि चिठ्ठी. 'खोली नंबर चार, जिन्यानं वर. मी तीनपर्यंत चर्चमध्ये गाण्याच्या तालमीला आहे. सूप चुलीवर आहे, वाढून घ्या. – होलमन.' बास. पासपोर्ट नाही, सही नाही, 'कुठून आला, किती दिवस राहणार' नाही. मी आत गेलो तर टेबलावर सफरचंदांची टोपली, भिंतीवर घड्याळ, आणि माणूस औषधाला नाही. मी उगाचच "हॅलो?" म्हणालो. माझाच आवाज मला ऐकू आला आणि मीच दचकलो.

आणि शांतता किती! कोल्हापुरात रविवारी दुपारी निदान मटणाचा वास तरी बोलत असतो. इथं काहीच नाही. मला माझ्या मनगटावरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती.

कोल्हापुरातून निघून पस्तीस तास झाले होते. मुंबईपर्यंत गाडी, मग दोन विमानं, दोन रेल्वे, एक बस. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं झालेलं. आणि हातात लाकडी पेटी, अकरा किलोची. विमानात तेवढी ती सामानात टाकली होती, बाकी सगळा प्रवास हातात. तेच तर कारण होतं मी तिथं असण्याचं.

पेटीत काय होतं सांगतो. आमच्या शिरोलीच्या फाउंड्रीनं ओतलेलं पंपाचं झाकण. बिडाचं, साधारण जेवणाच्या ताटाएवढं. पण त्याची एक बाजू, तिला आम्ही फेस म्हणतो, ती ग्राइंडिंग करून अशी केलेली की त्यात बघून भांग पाडावा. त्या फेसवर तेल अडतं. तिथं चरा पडला, डाग पडला, की पंप गळला. हा पहिला पीस. सोमवारी सकाळी दहा वाजता तिथल्या कंपनीत मी तो ठेवायचा, त्यांनी तपासायचा, आणि पास झाला तर आमच्या फाउंड्रीला पाच वर्षांचं काम. आमच्या मालकांनी, मगदूमसाहेबांनी, त्या कामाच्या भरवशावर नवी भट्टी बांधायला घेतली होती. निघताना म्हणाले, "हर्षद, स्वतः हरवलास तरी चालेल, पेटी हरवू नकोस." चेष्टेत म्हणाले, पण हसले नाहीत.

मी बूट काढले. पांढऱ्याशुभ्र पलंगावर बसलो. एवढी जाड रजई की बसलो तर आत गेलो. पाठ टेकली असती तर सोमवारीच उठलो असतो. पण मनात म्हटलं, एकदा पीस बघू आणि मग झोपू. पेटी उघडली, भुसा बाजूला केला, प्लास्टिक काढलं.

आणि दिग्या, माझी झोप जी उडाली.

फेसच्या बरोब्बर मधोमध एक अंगठा. म्हणजे गंजाचा अंगठा. तपकिरी, तांबूस. आणि डाग म्हणून पसरलेला नाही, स्वच्छ उमटलेला. त्याच्या रेघा न् रेघा मोजता येतील असा. जणू कुणी आत्ता, इथं, त्या खोलीत येऊन दाबून गेलंय.

कुणाचा ते मला माहीत होतं. केरबानानाचा.

केरबानाना आमचा सगळ्यात जुना मोल्डर. वाळूचा साचा करायचा, त्यात लोखंड ओतायचं, आतल्या हवेला वाट कुठून द्यायची ते ठरवायचं, हे काम त्याचं. चौतीस वर्षं. रिटायर व्हायला आठ महिने राहिले होते. आता आमच्याकडे रीत अशी की नव्या कामाचा पहिला पीस भट्टीपुढं ठेवायचा, नारळ फोडायचा, हळदकुंकू लावायचं. पण ते लावायचं साच्यातून निघालेल्या कच्च्या पीसला. तो खडबडीत असतो, त्याला काही होत नाही. या वेळी ओतलं नानानंच, पण पीस साच्यातून काढला त्या दिवशी त्याची नात दवाखान्यात होती, तो नव्हता. पूजा राहिली. शनिवारी सकाळी मी पीस गुंडाळतोय, बाहेर गाडीचा ड्रायव्हर हॉर्न मारतोय, आणि नाना पळत आला. हातात फुटका नारळ.

"आरं थांब थांब! तसाच नेतोस व्हय परमुलखात?"

"नाना, याला तेल लावलंय. गंजरोधक आहे. हात लावू नका."

"हात न्हाई लावत. अंगठा लावतो."

आणि हसला. कुंकू तेलावर बसेना, घसरायला लागलं. तर या बाबानं डोक्यावरच्या पटक्याचा शेव सोडला, मधलं तेल कोरडं पुसलं, अंगठा नारळाच्या पाण्यात बुडवला, कुंकवात टेकवला, आणि फेसच्या मधोमध दाबला. डोळे मिटून. चांगला पाच-सहा मोजेपर्यंत.

"जा बाबा, नीट पोच," म्हणाला. मला नाही, पीसला.

आणि मी काय केलं? मी हात जोडले. खरंच जोडले. मग चिंधीनं कुंकू पुसलं, पीस प्लास्टिकमध्ये घातला, पेटीला खिळे मारले. पुसलेल्या जागी परत तेल लावायचं, हे मी विसरलो. मी! क्वालिटी इंजिनिअर! नारळाचं पाणी, अंगठ्याचा घाम, वर बंद प्लास्टिक, आणि पस्तीस तास. बीड आहे ते, त्याला एवढं पुष्कळ झालं.

आणि आमच्या मशीनशॉपमध्ये मगदूमसाहेबांनी लावलेली पाटी ठाऊक आहे ना तुला? 'तयार फेसला हात लावणारा घरी जाईल.' लाल अक्षरात. नानाला ती वाचून दाखवावी लागत नव्हती. चौतीस वर्षांत त्यानं तयार फेसला हात लावला तो त्या दिवशी, पहिल्यांदाच.

मी पिशवीतून पॉलिश पेपर काढला. आपल्याकडे कसं, डाग दिसला की घास. कडेच्या बाजूनं सुरुवात केली. खर्र, खर्र. त्या शांततेत तो आवाज कसा वाटत होता सांगू? देवळात कुणी पत्रा ओढावा तसा. चार वेळा हात फिरला नसेल तोच दारावर टकटक.

दार उघडलं तर एक म्हातारी. सत्तरीच्या पुढची, पांढरे केस मागं बांधलेले, काठीसारखी ताठ, हातात गाण्याची वही. तोंडावर बोट ठेवून म्हणाली, "झोनटाग." म्हणजे रविवार. मग इंग्रजीत, "रविवारी इथं आवाज करत नाहीत. शेजारी माझ्याकडे तक्रार करतील." तिचं इंग्रजी लंगडं, माझंही लंगडं, त्यामुळं आमची चाल जमली. मी "सॉरी, सॉरी" म्हणत होतो आणि तिची नजर माझ्या खांद्यावरून पलंगाकडे गेली. ती आत आली. न विचारता. माझ्या हातातला पॉलिश पेपर तिनं दोन बोटांत धरून काढून घेतला. मेलेला उंदीर उचलावा तसा.

"चारशे सतरा नंबरच्या पंपाचं झाकण," ती म्हणाली.

मी गार. पीसवर नाव नाही, नंबर खालच्या बाजूला ओतलेला. तिनं तो बघितलेलासुद्धा नव्हता.

"तुम्हाला कसं..."

"उचल. खाली चल. आणि हा कागद परत हातात घेऊ नकोस."

मी ते धूड घेऊन तिच्या मागं जिना उतरलो. स्वयंपाकघर, त्याच्या मागं एक बुटकं दार, मग दगडी पायऱ्या. तळघर. तिनं दिवा लावला आणि मी तिथंच थांबलो.

दिग्या, मी आजपर्यंत एवढं देखणं वर्कशॉप बघितलेलं नाही. एक भिंत भरून हत्यारं, आणि प्रत्येक हत्याराच्या मागं भिंतीवर त्याचीच आकृती रेखलेली. उचललं तर भिंतीला कळावं. मधोमध काळ्या दगडाची पाटणी, पीस ठेवून तपासायची, आम्ही सरफेस प्लेट म्हणतो ती, वर हिरवं कापड. तिनं ते कापड असं काढलं, जसं आपल्याकडे देवघराचा पडदा सारतात.

"तुमच्या मिस्टरांचं आहे का हे सगळं?" मी विचारलं.

तिनं माझ्याकडे बघितलं. "माझे मिस्टर पावभट्टीत होते. त्यांना स्क्रू फिरवता येत नव्हता." मग म्हणाली, "एकतीस वर्षं. त्याच कंपनीत. बाहेरून आलेला माल तपासायची खोली. आधी मी, मग माझ्या हाताखाली पाच जण. उद्या तुला जो क्रेमर भेटेल ना, त्याला मायक्रोमीटर धरायला मी शिकवलं."

मी मनातल्या मनात तिला होलमनबाई म्हणायला लागलो ते तिथून.

तिनं पांढरे हातमोजे घातले. पीस पाटणीवर ठेवला. दिवा खाली ओढला. मग एका हाताचा मोजा काढला आणि नखाचं टोक, फक्त टोक, त्या अंगठ्यावरून आडवं नेलं. डोळे मिटून. एकदा. परत एकदा.

"चार मायक्रॉन," म्हणाली. "थोडं कमी."

हसू नकोस. मीही मनात हसलो होतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. नखानं! आमच्याकडे ते मोजायला मशीन आहे आणि तेही कधी कधी रुसतं.

मग तिनं भिंग घेतलं आणि त्या अंगठ्यावर वाकली. किती तरी वेळ. भिंतीवरचं घड्याळ चाललंय, मी उभा, ती वाकलेली. मला वाटलं झोपली की काय. मग हात पुढं करून म्हणाली, "तुझा अंगठा."

मी दिला. तिनं दिव्याखाली धरून बघितला.

"तुझा नाही. तुझ्या रेघा वळून परत येतात. हा गोल आहे, चाकासारखा."

लहानपणी आई आमच्या बोटांवरचे शंख आणि चक्रं मोजायची बघ? माझ्या अंगठ्यावर शंख आहे. नानाच्या अंगठ्यावर चक्र. तिनं ते जर्मनीत, तळघरात, भिंग लावून सांगितलं.

"कुणाचा आहे?"

मग मी सगळं सांगितलं. नारळ, कुंकू, पटक्याचा शेव, डोळे मिटून सहा मोजणं, सगळं. कुंकवाला काय म्हणायचं ते कळेना म्हणून कपाळाला बोट लावून दाखवलं. शेवटी तिनं एवढंच विचारलं, "यानंच ओतलं का हे?"

"हो."

"एकतीस वर्षं माझ्यापुढून लाखभर पीस गेले असतील," ती म्हणाली. "ओतणाऱ्याचा हात मी पहिल्यांदा बघतेय."

मग ती एकदम कामाला लागली. कपाटातून एक दगड काढला. साबणाच्या वडीएवढा, राखाडी, मऊ. बाटलीतून तेलाचे थेंब टाकले, एका लोखंडाच्या तुकड्यावर फिरवून दाखवला. इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा, वजन न देता. आवाजसुद्धा नाही.

"दीड तास," म्हणाली. "असा फिरवलास तर निघेल. फेस सपाट राहील. क्रेमरला कळणार नाही. जे मी त्याला शिकवलं नाही ते त्याला येत नाही, आणि हे मी कुणालाच शिकवलेलं नाही." दगड माझ्यापुढं ठेवला. "मी वर कॉफी करते."

"बाई, मी काय करू?"

"पीस तुझा आहे," ती म्हणाली आणि वर गेली.

मी खिशातून कागद काढला. उद्या पीसबरोबर द्यायचा फॉर्म. त्यातली ओळ मला पाठ होती: 'मशिनिंगनंतर या पीसवर कोणतंही काम केलेलं नाही.' खाली सहीची जागा. माझ्या सहीची. आणि त्याखाली दुसरा रकाना: 'दोष असल्यास कारण, आणि व्यक्ती.' या फॉर्मची एक प्रत परत मगदूमसाहेबांच्या टेबलावर येणार.

साहेबांना फोन लावला. तिकडे संध्याकाळ झालेली.

"साहेब, फेसवर डाग आलाय. गंज. हात लागलाय कुणाचा तरी."

"कुणाचा?" साहेबांचा आवाज एकदम खाली गेला. ते ओरडले की ठीक असतं. आवाज खाली गेला की भ्यायचं. "नाव सांग. उद्या गेटवर कार्ड काढून घेतो."

"गुंडाळताना... घाईत... माझाच लागला असेल, साहेब."

साहेब म्हणाले, "घास आणि दे. सही कर. कुणाला सांगायचं नाही. नव्या भट्टीचा पाया खणलाय हर्षद, तो काय विहीर म्हणून वापरू?" फोन ठेवला.

आता बघ मी कुठं उभा होतो. दगड फिरवला तर खोट्या कागदावर सही, आणि ज्या बाईनं नखानं चार मायक्रॉन सांगितले तिच्या घरात बसून. नाही फिरवला तर कदाचित काम गेलं, भट्टी गेली, आणि कुणाचा हात हे सांगावं लागलं तर नाना आठ महिन्यांसाठी घरी. मी दगड हातात घेतला. गार होता. पीसवर ठेवला. एक आठ काढला, कोपऱ्यात. मग नानाच्या अंगठ्याच्या कडेपर्यंत आलो.

आणि हात पुढं जाईना रे. ते 'जा बाबा, नीट पोच' कानात वाजायला लागलं. तो पीस पोचला होता की! सात हजार किलोमीटर. आणि पोचल्या पोचल्या मी त्याच्या कपाळावरचा अंगठा घासायला बसलो होतो.

मी दगड पुसला आणि भिंतीवर त्याची आकृती शोधली. ती नव्हती. तो कपाटातला होता ना. मग पाटणीवरच ठेवला.

वर गेलो तर टेबलावर कॉफी, सफरचंदाचा केक, दोन ताटल्या. बाईनं माझे हात बघितले. कोरडे होते, तेल नव्हतं. तिनं केकचा मोठा तुकडा माझ्याकडे सरकवला. मी तो खाल्ला, वर गेलो, आणि त्या रजईत असा बुडालो की सकाळी सातला तिनंच दार वाजवून उठवलं.

सोमवार, दहा वाजता. क्रेमर. पन्नाशीचा, उंच, बोलायला महाग. त्यांची ती तपासणीची खोली, दिग्या! जमिनीवर भात सांडला तर उचलून खावा. मी पेटी टेबलावर ठेवली आणि त्यानं हात लावायच्या आधी सांगितलं, "सर, याच्या फेसवर डाग आहे. काल बघितला. एका कडेला मी पॉलिश पेपरचे चार आणि दगडाचा एक हात मारलाय, ते दाखवतो. बाकी तसाच आणलाय."

त्यानं भुवई वर केली. पीस बाहेर काढला. आणि तोही होलमनबाईसारखाच वाकला, बघत राहिला. मग पीस मशीनखाली ठेवला. हिऱ्याची सुई, केसाहून बारीक, ती त्या अंगठ्यावरून हळूहळू गेली आणि स्क्रीनवर एक रेघ उमटली. डोंगर, दऱ्या, डोंगर, दऱ्या. नानाच्या अंगठ्याचा नकाशा. आणि खाली आकडा आला.

तीन पूर्णांक आठ.

मी "आई शप्पथ" म्हणालो. मोठ्यानं, मराठीत. चार मायक्रॉन, थोडं कमी! नखानं!

क्रेमरनं फॉर्म पुढं ओढला, पेनचं टोपण काढलं. "कारण?"

मी सांगितलं. आमची रीत, नारळाचं पाणी, कुंकू. तो म्हणाला, स्पेलिंग? मी के, यू, एन असं करत एकेक अक्षर सांगितलं. जर्मन कंपनीच्या दोषपत्रकावर 'कुंकू' लिहिलेलं मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

"व्यक्ती?"

पेन कागदावर टेकलेलं. खोलीत दुसरं कुणी नाही.

"मी," म्हणालो. "माझा अंगठा आहे."

तो थांबला. पेन ठेवलं. मग हात पुढं केला. अगदी अदबीनं, जसं कुणी हात मिळवायला करावा. मी काय करणार? दिला. त्यानं माझा अंगठा वळवून बघितला. स्क्रीनकडे बघितलं. परत अंगठ्याकडे. शेवटी होलमनबाईचाच चेला तो. मी मनात म्हणत होतो, तेल लावायला विसरलो मी, पुसून गुंडाळलं मी, पेटीला खिळे मारले मी. चूक माझीच आहे. अंगठा तेवढा नानाचा.

क्रेमरनं माझा हात सोडला. पेन उचललं. रकान्यात लिहिलं: एच. चौगुले. मग एकच प्रश्न विचारला, "पुढच्या वेळी?"

"पुढच्या वेळी पीसला मोजे घातलेले हात. कुंकू पेटीला, बाहेरून."

"पेटीला चालेल," तो म्हणाला. "दुसरा पीस पाठवा, सहा आठवड्यांत. हा इथंच राहील." आणि मग खरंच हात मिळवला.

संध्याकाळी परत आलो तर बाईनं बटाट्याचं सूप वाढलं. समोर बसली. तिला सगळं कळलेलं होतं, क्रेमरनं दुपारीच फोन केला होता.

"तू खोटं बोललास," म्हणाली. "आणि वाईट बोललास. त्याच्याकडे भिंग आहे."

मी मान खाली घालून सूप पीत राहिलो.

"एकतीस वर्षं लोक डाग घासून यायचे आणि म्हणायचे, डाग नव्हताच. डाग तसाच ठेवून कुणाचा ते खोटं सांगणारा आज पहिला." तिनं पाव तोडला. "तू माझ्या वेळी त्या तपासणीच्या खोलीत आला असतास तर त्या रकान्यात काय लिहायचं, ते मला कळलं नसतं."

पुढचं तुला माहीत आहे. दुसरा पीस पास झाला, नवी भट्टी पेटली. साहेबांनी त्या दोषपत्रकावरून मला सगळ्यांदेखत तासभर झापलं. नाना कोपऱ्यात उभा राहून ऐकत होता. नंतर जवळ येऊन म्हणाला, "एवढं शिकलास आन् तेल लावायचं इसरलास व्हय रं? मन लावून काम करावं मानसानं." मी म्हटलं, हो नाना. त्याला आजपर्यंत माहीत नाही. पुढं प्रत्येक पेटीवर तो कुंकू लावायचा आणि कुरकुरायचा, "लाकडाला कशाला पायजे द्येव?" आठ महिन्यांनी शाल-श्रीफळ घेऊन रिटायर झाला.

तर आता का सांगतोय. मागच्या महिन्यात परत गेलो होतो. सात वर्षांनी. होलमनबाई आहे अजून, एक्क्याऐंशीची, काठीसारखी ताठ. कंपनीत गेलो, त्या खोलीत, तर भिंतीला काचेचं कपाट. आत मखमलीवर एकच पीस. वरून पारदर्शक लाख चढवलेली, म्हणजे गंज वाढू नये. खाली दिवा. नव्यानं लागलेली चार पोरं त्याच्यापुढं उभी आणि क्रेमर त्यांना काहीतरी सांगतोय. मी मागं उभा राहिलो. शेजारच्या पोरीला विचारलं, काय म्हणतोय? ती म्हणाली, इथं नवा माणूस आला की त्याला सगळ्यात आधी हे दाखवतात. सांगतात, तुम्ही जे तपासता ते मशीनमधून येत नाही, कुणाच्या तरी हातातून येतं. हा त्याचा हात. मग प्रत्येकाला भिंग देतात आणि बघायला लावतात.

ती पोरं एकेक करून वाकून बघत होती. चक्र. रेघ न् रेघ.

आणि खाली पितळेची पट्टी. त्यावर कोरलेलं: एच. चौगुले, कोल्हापूर.

क्रेमरनं मला बघितलं. पोरांना म्हणाला, "हेच ते." सगळी वळली. एकानं येऊन माझा हात हातात घेतला, दिग्या. दोन्ही हातांनी. आणि क्रेमर माझ्याकडे बघत होता. त्याला माहीत आहे. पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तो फक्त वाट बघत होता, मी काय म्हणतो त्याची.

सात वर्षं मी समजत होतो की मी नानाचा दोष माझ्या अंगावर घेतला.

नाना आता सदुसष्टचा आहे. कसबा बावड्यात राहतो, नातीला शाळेत सोडतो. हात थरथरतात. त्याचं कार्ड आता कुणी काढून घेऊ शकत नाही. मी एक शब्द बोललो की ती पट्टी बदलणार होती. नाही बोललो, तर तशीच राहणार. आणि तो पोरगा माझाच हात धरून उभा होता आणि मला, खरं सांगतो, बरं वाटत होतं.

मी काय केलं ते सांगतो नंतर. आधी तू सांग. काचेपलीकडे नानाचा अंगठा, खाली तुझं नाव, चार पोरं तुझ्या तोंडाकडे बघतायत. तू काय केलं असतंस?